कान नसलेली फ्रेम

करवतीला नवं पातं लावलं होतं. जुन्या मोटारसायकलची फ्रेम व्हाइसमध्ये घट्ट आवळली होती आणि जिथे कापायचं तिथे खडूने रेघ मारून ठेवली होती. रेघेखालचा दोनएक इंच रंग खरवडायचा आणि कापायला घ्यायचं, एवढंच उरलं होतं. रंगामुळे करवतीचे दात भरून येतात म्हणून मी तो खरवडायला घेतला. दुसरं काहीही कारण नव्हतं. आज ते आठवलं तरी पोटात गोळा येतो.

मी धातूंच्या तपासणीचं काम करते. गेली बावीस वर्षं बर्मिंगहॅमच्या आसपास राहते आहे आणि या शहराने जे घडवलं, ओतलं, झाळलं, त्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हा माझा धंदाही आहे आणि वेडही. आमच्याकडे नव्याने कामाला लागलेल्या मुलांना दाखवायला मला पितळेने झाळलेला एक जुना सांधा उभा चिरून हवा होता. तेवढ्यासाठी मी ही फ्रेम आणली होती.

पूर्वीच्या बहुतेक ब्रिटिश मोटारसायकलींची फ्रेम वेल्डिंगने जोडलेली नसायची. जुन्या सायकलच्या हँडलखाली नळ्या एकत्र येतात तिथे एक जाड सांधा दिसतो ना, तीच रीत. त्या सांध्याला लग म्हणतात. लग ओतीव किंवा घडीव. त्याच्या पोकळीत नळी सरकवायची, आरपार भोक पाडून खिळी ठोकायची म्हणजे नळी हलत नाही, मग भट्टीवर सांधा लालभडक होईपर्यंत तापवायचा, टाकणखार टाकायचा आणि पितळ लावायचं. पितळ सुमारे ९०० अंशांना वितळतं आणि नळी आणि लग यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत आपणहून ओढलं जातं. बाहेरून पुढे फारसं काही दिसत नाही. आत पितळ पूर्ण पोचलं की अर्ध्यावर थांबलं, हे कापल्याशिवाय कळत नाही. म्हणून कापायचं होतं.

फ्रेम मिळाली ब्यूलीच्या ऑटोजंबलमध्ये. दक्षिणेला न्यू फॉरेस्टच्या भागात दर सप्टेंबरला हा जुन्या सुट्या भागांचा बाजार भरतो, १९६७ पासून. ओलं गवत, ताडपत्र्या, आणि ताडपत्र्यांवर शंभर वर्षांचं लोखंड. विक्रेत्याने फ्रेमवर चिठ्ठी लावली होती: बीएसए एम २०. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅमची मोटारसायकल कंपनी, एम २० ही तिची एक गाडी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी बीएसएने सुमारे १,२६,००० एम २० बनवल्या. मोटारसायकलस्वार निरोपे, लष्करी पोलीस, ताफ्यांचे वाटाडे, सगळ्यांकडे तीच. एवढ्या संख्येने बनलेल्या गाडीची एक गंजकी, वाकडी, कागदपत्रं नसलेली फ्रेम कापली तर जगाचं काही कमी होणार नाही, असा हिशेब करून मी १२० पौंड मोजले.

रंग खरवडताना आधी लाल रंग गेला, ब्रशने फासलेला. त्याखाली चंदेरी. त्याखाली काळा, काचेसारखा कडक, भट्टीत भाजलेला. आणि त्याखाली लग उघडा पडला तेव्हा मी थांबले, कारण तिथे एक कान असायला हवा होता आणि तो नव्हता.

कान म्हणजे साइडकार अडकवायची जागा. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इथल्या कामगाराला चारचाकी परवडत नसे. मोटारसायकलला साइडकार जोडली की बायको, मुलं, सामान सगळं त्यात. म्हणून जड गाड्यांच्या फ्रेमवर लग ओततानाच साइडकारसाठी भोक असलेले जाड कान ठेवलेले असत. एम २० च्या फ्रेमवर ते असतातच. माझ्या समोरच्या लगवर जिथे कान हवा तिथे गुळगुळीत गोलाई होती.

आता, कान नाही म्हणजे लगेच काही मोठं घबाड हाती लागलं असं होत नाही. युद्ध संपल्यावर सैन्याच्या हजारो गाड्या स्वस्तात विकल्या गेल्या. तरुण पोरांनी त्या घेतल्या, चिखलातल्या ट्रायल्सना आणि गवतावरच्या शर्यतींना उतरवल्या आणि वजन घटवायला जे जे कापता येईल ते कापलं. सगळ्यात आधी कापले जात ते साइडकारचे कानच. तेव्हा कान मुळात नव्हते की कोणी कापले, हा प्रश्न आधी सोडवायला हवा होता.

मी दिवा तिरका धरला आणि भिंग लावलं. साच्यातून निघालेल्या वस्तूवर साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे एक बारीक शिवण उठते. कानशीने कितीही घासलं तरी तिचा माग राहतो, आणि कान कापून काढला असेल तर शिवण त्या जागी तुटते. तिथे कानशीचे किंवा चाकाचे ओरखडे दिसतात, आजूबाजूची खरबरीत ओतीव कातडी तेवढ्याच भागात गुळगुळीत झालेली असते. माझ्या लगवर शिवण वरून खाली अखंड गेली होती. नखाने चाचपली तरी लागत होती. तिच्या दोन्ही अंगांना वाळूच्या कणांसारखी ती खरबरीत कातडी, कुठेही खंड न पडलेली. या लगला कान कधी नव्हताच. तो बिनकानाच्याच साच्यातून निघाला होता.

मी खडूची रेघ पुसली आणि करवत भिंतीवर टांगून ठेवली.

बीएसएच्या एम मालिकेचा आराखडा व्हॅल पेज यांचा, १९३७ च्या हंगामासाठीचा. एम २० त्यातलीच, साध्या साइड व्हॉल्व्ह इंजिनाची. त्याच वर्षी ३० जून रोजी सरेमधल्या ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर वॉल हँडली हे निवृत्त झालेले नावाजलेले शर्यतपटू खास एका दिवसासाठी परत आले. त्यांच्याखाली होती बीएसएची ५०० सीसी एम्पायर स्टार, मद्यार्कावर चालवण्यासाठी तयार केलेली. तीन फेऱ्यांची शर्यत त्यांनी ताशी सरासरी १०२.२७ मैलांनी जिंकली आणि त्यातली एक फेरी ताशी १०७.५७ मैलांनी मारली. ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ताशी शंभर मैलांच्या वर फेरी मारणाऱ्याला सोन्याचा तारा मिळत असे, छातीवर लावायचा छोटासा बिल्ला. त्या बिल्ल्यावरून १९३८ च्या यादीत बीएसएने नवी गाडी आणली, तिचं नाव गोल्ड स्टार, कारखान्यातला संकेत एम २४. पुढे पंचवीस वर्षं गाजलेल्या गोल्ड स्टारच्या घराण्यातली ही पहिली. ४९६ सीसी, सिलिंडर आणि हेड दोन्ही अल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, गिअरबॉक्सचं कवच इलेक्ट्रॉन नावाच्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. आणि फ्रेम बाहेरून बहिणींसारखीच, पण क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या पातळ नळ्यांची आणि साइडकारच्या कानांशिवायची. शंभर मैलांनी पळायला निघालेल्या गाडीला कोण साइडकार जोडणार!

दोनच हंगाम ही गाडी बनली. मग युद्ध आलं आणि बीएसएच्या बर्मिंगहॅममधल्या स्मॉल हीथच्या कारखान्यात एम २० सोडून दुसऱ्या दुचाकीला फारशी जागा उरली नाही.

मी हे सगळं वाचून जाणत होते, पण वाचून जाणणं आणि व्हाइसमध्ये तेच आवळलेलं असणं यात फरक आहे. रात्री बाराला मी गॅरेजमध्ये उकिडवी बसून नुसती बघत होते. नवरा दाराशी येऊन म्हणाला, “अगं, कापणार होतीस ना? झालं का?” मी म्हटलं, “नाही, आणि होणारही नाही.” त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चहा करायला गेला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांना बोलावलं. आजोबा ८६ वर्षांचे. पंधराव्या वर्षी स्मॉल हीथच्या झाळविभागात लागले आणि पुढे या ना त्या कारखान्यात आयुष्यभर तेच काम केलं. माझी मुलं लहानपणापासून त्यांना आजोबाच म्हणतात, आणि त्यांना त्या शब्दाचा अर्थ कळल्यापासून ते दुसऱ्या कुठल्या हाकेला ओ देत नाहीत. त्यांनी चष्मा काढला. भिंगाला हात लावला नाही. अंगठा ओला करून लगवरून फिरवला, जसा पिठाचा कणा बघायला फिरवतात.

“हे कापलेलं नाही,” ते म्हणाले.

“शिवण बघून मलाही तेच वाटलं.”

“मी शिवण नाही बघितली. कापलेल्या जागेला धार असते, कितीही पॉलिश करा. इथे धार नाही.”

मग त्यांनी बोटाच्या पेराने वरच्या नळीवर टकटक केलं, कान लावला, परत टकटक केलं. “एम २१ ची, म्हणजे एम २० च्या मोठ्या बहिणीची असली तर इतकी गात नाही,” म्हणाले. “आम्ही एम २१ च्या शेकड्यांनी केल्या. त्या ठप्प वाजतात.”

अंगठ्यावर आणि कानावर माझा विश्वास आहे, पण मला मोजमापंही हवी होती. अल्ट्रासॉनिक जाडीमापक हे फार गुणी यंत्र आहे. नळीच्या एकाच बाजूला टेकवलं की आवाजाची लहर आतल्या भिंतीवर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून जाडी सांगतं. कुठे कापायला नको, भोक पाडायला नको. ओळखीच्या एका गृहस्थांकडे खरीखुरी युद्धकाळातली एम २० आहे. तिच्या फ्रेमच्या ज्या जागी मोजलं, बरोबर त्याच जागी माझ्या फ्रेमवर मोजलं. बाहेरचा व्यास तोच, पण भिंत माझ्या फ्रेमची प्रत्येक ठिकाणी पातळ. यात एक धोका होता. आतून गंज लागला तरी भिंत पातळच भरते. पण गंज एकसारखा खात नाही. पाणी जिथे साचतं तिथे जास्त, वर कमी, एका अंगाला जास्त, दुसऱ्या अंगाला कमी. टाकीखालच्या नळीला मी गोलाकार बारा ठिकाणी यंत्र टेकवलं आणि बाराही आकडे जवळजवळ एकच आले. इतकं समान खाणं गंजाला जमत नाही. ती नळी तशीच बनवलेली होती.

मग कामावरचं एक्सआरएफचं पिस्तूल आणलं. ते धातूवर क्षकिरण टाकून त्यात कोणकोणती मूलद्रव्यं आहेत ते ओळखतं. कार्बन त्याला दिसत नाही, पण क्रोमियम आणि मॉलिब्डेनम चांगले दिसतात. स्वच्छ घासलेल्या नळीवर धरलं तर दोन्ही दिसले, साध्या पोलादात चुकून राहतात त्याहून कितीतरी जास्त. लगवर धरलं तर नाही. सांध्याच्या कडेला धरलं तर तांबं आणि जस्त, म्हणजे पितळ. त्या एका वीतभर जागेत तीन वेगवेगळे धातू, आणि तिघांची भेट घडवून देणारा माणूस कधीचाच गेलेला.

रंगाचे थरही बोलत होते. युद्धातली फ्रेम असती तर कुठल्या तरी कोपऱ्यात, लगच्या खोबणीत, खाकी किंवा हिरवट थर सापडला असता. इथे काळ्याखाली थेट धातू होता. आणि क्रमांकाची जागा मी सगळ्यात शेवटी साफ केली. तिथे तार ब्रश लावायचा नाही, वाळूचा फवारा तर नाहीच नाही. ठसा म्हणजे धातूवरचा अर्धा मिलिमीटरही नसलेला खड्डा, आणि जाड वाळूचा फवारा ऐंशी वर्षं टिकलेलं अक्षर दहा सेकंदांत पुसून टाकतो. रंग काढायचं द्रव्य, लाकडाची काडी आणि जुना टूथब्रश घेऊन तीन संध्याकाळी बसले. दोन अक्षरं वर आली. जे आणि एम. पुढे गंजाचे खड्डे.

बीएसएने १९३८ साठी वापरलेलं अक्षर जे, १९३९ साठी के. युद्धातल्या गाड्यांच्या क्रमांकाआधी डब्ल्यू येतो. म्हणजे १९३८ च्या हंगामातली एम मालिकेतली फ्रेम, पातळ क्रोम-मॉलिब्डेनमच्या नळ्यांची, कानांशिवाय ओतलेली. मी ते कागदावर एकाखाली एक लिहिलं आणि बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

विक्रेत्याला मी फोन केला. त्याला न सांगता गप्प बसणं मला जमलं नसतं. ही फ्रेम त्याला लिंकनशरमधल्या एका शेतावरच्या शेडची साफसफाई करताना मिळाली होती. तिथले कोणी तरी पूर्वी गवतावरच्या शर्यतीत भाग घ्यायचे, एवढंच त्याला ठाऊक होतं. “पैसे मिळाले, व्यवहार झाला,” तो म्हणाला. “पूर्ण झाली की फोटो मात्र पाठव.” त्याचा नंबर मी गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवलाय.

क्रमांकाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे अनेक भल्या माणसांचा पाय घसरतो. एका मेळाव्यात फ्रेमचे फोटो दाखवले तेव्हा एका सद्गृहस्थांनी अगदी आपुलकीने सुचवलं की त्यांच्याकडे त्या काळच्या मापाचे ठसे आहेत, खड्डे भरून घेऊ आणि पुढचे आकडे मारून टाकू. गाडीची किंमत कितीतरी पटींनी वाढेल. त्यांच्या मनात फसवणूक नव्हती, त्यांना फ्रेम पूर्ण झालेली बघायची होती. पण कुठले आकडे मारायचे? कारखान्यातून त्या वर्षी बाहेर पडलेल्या दुसऱ्याच एखाद्या गाडीचा क्रमांक आपण हिच्या कपाळावर कोरला, आणि ती गाडी अजून कुठल्या तरी शेडमध्ये उभी असली, तर? आपण तिची चोरी केली. आणि ती नसली तरी आपण हिच्याकडून खोटं वदवून घेतलं.

इथली कागदपत्रांची व्यवस्थाही याच प्रश्नाभोवती फिरते. स्वान्झीतल्या डीव्हीएलए या वाहननोंदणीच्या सरकारी खात्याच्या संगणकात जुन्या वाहनांची नोंद करून घ्यायला १९८३ च्या नोव्हेंबरअखेरची मुदत होती. शेडमध्ये विसरलेल्या असंख्य गाड्या तेव्हा यादीबाहेर राहिल्या. जुनं नोंदपुस्तक हाती असेल तर मान्यताप्राप्त क्लबकडून तपासून घेऊन मूळ नंबर परत मिळवता येतो, त्या योजनेला तिच्या अर्जावरून व्ही ७६५ म्हणतात. नोंदपुस्तक नसेल पण क्लबने वय पटवून पत्र दिलं तर त्या वयाला साजेसा नंबर मिळतो. वय किंवा ओळख पटलीच नाही तर क्यू अक्षराने सुरू होणारी पाटी येते. बरेच लोक क्यूच्या पाटीला घाबरतात, जणू कुळाला बट्टा लागला. मला ती प्रामाणिक वाटते.

बर्टन-ऑन-ट्रेंटला व्हिंटेज मोटरसायकल क्लबचं ग्रंथालय आहे. १९४६ साली सुरू झालेल्या या क्लबने बंद पडलेल्या कारखान्यांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. कुठली गाडी कुठल्या दिवशी कुठल्या विक्रेत्याकडे रवाना झाली, एकेका ओळीत. माझ्याकडे पूर्ण क्रमांक नाही, म्हणून मी ती ओळ मागू शकत नाही. तिथे पाठवायच्या माहितीत मी लिहिलं: जे एम, पुढे वाचता येत नाही. ठशाच्या जागेचा सिलिकॉनचा छाप घेऊन डबीत ठेवलाय. पुढे कधी आजच्यापेक्षा बरं तंत्र आलं तर खड्ड्यांखालची दबलेली धातू कोणी वाचू शकेल. त्यासाठी ती जागा आज कोणी भरता कामा नये, तापवता कामा नये.

ओळख पटली, पण फ्रेम आजारी होती. समोरची उतरती नळी कुठल्या तरी धडकेत मागे दबलेली. शर्यतवाल्यांनी पाय टेकवायला इलेक्ट्रिक वेल्डिंगने चिकटवलेला लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा, आणि मागच्या बाजूच्या खालच्या नळीला आतून लागलेला गंज, इतका की टोचा टेकवला तर आत गेला. वेल्डिंगच्या तुकड्याशेजारी मला शंका होती. तिथे चिरेत झिरपणारं लाल द्रव लावलं, पुसलं, वर पांढरी पूड फवारली. पाच मिनिटांत पांढऱ्यावर एक लाल केस उगवला. चीर. पातळ नळीवर असा जाड तुकडा डकवला की सगळा ताण त्याच्या कडेला गोळा होतो, आणि ही नळी तर पातळच होती. एम २० असती तर कदाचित सोसलंही असतं.

काय ठेवायचं आणि काय काढायचं, यावर माझे आणि आजोबांचे चार दिवस वाद झाले. पाय टेकवायचा तुकडा काढायचा, यावर दुमत नव्हतं. पण मागच्या नळीवर साखळी घासून पडलेली एक खोल पन्हळ आहे. आजोबांचं म्हणणं, भरून टाक, दोन मिनिटांचं काम. माझं म्हणणं, ती राहू दे, त्या जागी जाडी पुरेशी आहे, मी मोजली आहे, आणि कुणी तरी ही गाडी साखळी सैल असताना कित्येक मैल हाकल्याशिवाय ती पन्हळ पडलेली नाही. शेवटी ते म्हणाले, “तुझी फ्रेम.” पन्हळ राहिली.

वाकलेली नळी सरळ करताना आग लावली नाही. सपाट ओतीव लोखंडी तक्त्यावर फ्रेम बसवली, मानेच्या नळीतून सरळ दांडा घातला, दोन्ही बाजूंनी दोरे ताणले आणि लांब तरफेने थंडच, थोडं थोडं. लोखंड लवचिक असतं म्हणून जिथे न्यायचंय त्याच्या जरा पुढे न्यावं लागतं, सोडलं की ते मागे येतं. किती पुढे, हे तरफेला लावलेल्या खांद्यालाच कळतं. सहा तासांत मान दोऱ्याला आली.

खालची नळी मात्र बदलायलाच हवी होती. त्यासाठी लग पुन्हा तापवायचा, जुनी खिळी पोखरून काढायची, पितळ वितळलं की नळी ओढून घ्यायची आणि नवी घालून परत झाळायची. आजोबा वीस वर्षांत झाळायला बसले नव्हते. ते म्हणाले, “आधी दुसऱ्या कशावर तरी.” एम २० च्या मालकांनी एका पार सडलेल्या फ्रेमचा लग दिला, कानासकट. त्यात आम्ही नव्या नळीचा तुकडा बसवला आणि आजोबांनी गॅस पेटवला. हात थरथरत होता. ज्योत सांध्याला लागली आणि हात थांबला. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

तो सरावाचा सांधा मी कामावर नेला. उभा चिरला, राळेत बसवला, घासला, हिऱ्याच्या लेपाने आरसा होईपर्यंत चमकवला, अल्कोहोलमधल्या पातळ नायट्रिक आम्लात काही क्षण बुडवला. मग परवानगी काढून आजोबांना प्रयोगशाळेत घेऊन गेले. त्यांनी आयुष्यात किती हजार सांधे झाळले असतील, त्यांनाही सांगता येत नाही. एकही आतून पाहिला नव्हता. बघायला कापावं लागतं, आणि त्यांचे सांधे तर गाड्यांतून जगभर निघून गेले.

सूक्ष्मदर्शकात एका बाजूला नळीचं बारीक दाण्यांचं करडं पोलाद, दुसऱ्या बाजूला लगचं, आणि मधून जाणारी सोनेरी पट्टी. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “इतकी पातळ?”

“इतकीच हवी. जाड झाली तर कमजोर.”

“आम्हाला कधी कोणी हे सांगितलं नाही. फक्त म्हणायचे, सैल बसवू नका.” त्यांनी फिरकी स्वतःच्या हातात घेतली आणि पट्टीवरून हळूहळू शेवटापर्यंत गेले. एका ठिकाणी थांबले. तिथे सोनेरी पट्टीत एक काळा ठिपका होता, पोकळी. “इथे टाकणखार अडकला,” ते म्हणाले. “मी ज्योत लवकर वर घेतली. खालून तापवत न्यायला हवं होतं, म्हणजे तो पितळेच्या पुढे पळाला असता.” त्यांना ती चूक कुठल्या क्षणी झाली तेही आठवत होतं.

शनिवारी खरा सांधा घेतला. फ्रेम कुठेही ताणलेली राहणार नाही अशी मोकळी टेकवली, कारण पोलाद ताणात असताना त्यावर वितळलेलं पितळ आलं तर ते दाण्यांच्या सांदीतून आत शिरतं आणि चीर पडते. क्रमांकाची जागा तिथून लांब होती, तरी तिच्याभोवती ओल्या फडक्याच्या घड्या गुंडाळल्या. गॅरेजचा दिवा बंद केला, कारण तापलेल्या लोखंडाचा रंग अंधारातच नीट कळतो. आजोबांनी या वेळी ज्योत खाली धरली आणि खालीच ठेवली. लग काळपट लाल, मग चेरीसारखा, मग त्याहून उजळ झाला. टाकणखार फेसाळला, बसला, काचेसारखा पातळ होऊन पसरला. त्यांनी पितळेची तार लगच्या अलीकडच्या कडेला टेकवली. तारेचं टोक नाहीसं झालं. मी पलीकडच्या कडेशी डोळा लावून बसले होते. काही क्षण काहीच झालं नाही. मग नळीच्या खालच्या अंगाला एक ठिणगीएवढा पिवळा थेंब दिसला, आणि तो दोन्ही बाजूंनी पसरत वर आला आणि वरती एकमेकाला मिळाला.

“मिळालं का?” आजोबांनी विचारलं. त्यांना त्यांच्या बाजूने दिसत नव्हतं.

“पूर्ण गोल.”

त्यांनी गॅस बंद केला. दिवा लावू नको म्हणाले. सांधा आपल्या गतीने निवू द्यायचा होता, वारासुद्धा लागू द्यायचा नव्हता, म्हणून दार बंदच ठेवून आम्ही दोन उलट्या बादल्यांवर बसलो, लाल रंग विझेपर्यंत आणि त्यानंतरही बराच वेळ.